याना नदी आणि माझं बंद तोंड

ब्लँचर्डस्टाउन या आयरिश उपनगरात लेकीकडे आले की पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात येतं, की इथे आपल्याला कुणी काही विचारणार नाही. लेक हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या ड्युट्या उलटसुलट. जावईबापू सँडीफोर्डच्या ऑफिसात, आणि घरून काम असलं तरी कानात ती बोंडकं घालून स्वतःशीच बोलत असतात. मला विचारतात ते एवढंच: आई, थंडी वाजत नाही ना? आणि आई, आज आमटी कराल का? अहो, मी कराडच्या हायस्कुलात भूगोल शिकवून रिटायर झालेली बाई. सगळी हयात वर्गापुढे उभं राहून बोलण्यात गेली. मागच्या बाकावरचा पोरगा डुलकी घ्यायला लागला की माझा खडू बरोबर त्याच्या कपाळावर बसायचा. आमटी मला चांगली येते, नाही असं नाही, पण ती काही माझी विद्या नव्हे.

नात दहा वर्षांची. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर मात्र इंग्लिशमध्ये, आणि तेही आयरिश हेल काढून. पोळी वाढू का विचारलं तर म्हणते, ‘आयम ग्रँड, आजी.’ ग्रँड म्हणजे हवी की नको, हे ताटाकडे बघून आपणच ओळखायचं. लाघवी आहे, माझ्या कुशीत शिरून टीव्ही बघते, पण एका जागी बसून आमचं बोलणं असं कधी झालं नव्हतं. मी बोलायचे, ती ऐकायची आणि ग्रँड म्हणायची.

तर दिवाळीनंतर एका दुपारी ती शाळेतून आली, दप्तर जिन्याखाली भिरकावलं आणि धुमसत बसली. वर्गात सरांनी टोपीत चिठ्ठ्या घालून प्रत्येकाला एकेक नदी उचलायला लावली होती. मैत्रिणीला नाईल मिळाली, दुसऱ्या कुणाला ॲमेझॉन, शेजारच्याला तर घरची शॅनन. हिच्या वाट्याला आली याना. ही असली नदी कुणी ऐकलेलीसुद्धा नाही, असं तिचं म्हणणं. हिचं मॉडेल करायचं, वर्गात माहिती सांगायची, आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी सगळ्यांच्या घरची माणसं बघायला येणार.

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. याना म्हणजे व्हर्खोयान्स्कवाली याना? सैबेरियातलं ते हाडं गोठवणारं गाव दरवर्षी तापमान कक्षेच्या धड्यात यायचं. हिवाळ्यात श्वास गोठेल अशी थंडी, आणि उन्हाळ्यात बघाल तर आमच्या कराडसारखा घाम. पोरं त्या नावाला इतकी घाबरायची, की मी ते अख्ख्या वर्गाकडून एका सुरात घोकून घ्यायचे. शेजारच्या वर्गातले सर तक्रार घेऊन यायचे. आणि आज ती नदी टोपीतून निघून माझ्या ओट्यापर्यंत आली होती. मला इतका आनंद झाला, की मी पिठाच्या हातानंच नातीला धरून खुर्चीवर बसवलं.

त्या संध्याकाळी मी कणकेचीच नदी केली. दोन वळ्या आणून एकत्र जोडल्या. म्हटलं, आपल्याकडे कराडला कृष्णा आणि कोयना कशा समोरासमोर येऊन भेटतात, तू बघितलंयस ना, तशीच ही यानाही दोन नद्या मिळून होते. फरक एवढाच, की ही सरळ उत्तरेला जाते, गोठलेल्या समुद्राकडे. तिथली जमीन उन्हाळ्यात वरवर हातभर विरघळते, त्याखाली कायमची दगडासारखी गोठलेली. पाणी मुरायला जागाच नाही. बर्फ वितळलं की सगळं पाणी नदीकडे धावतं. बरं, नदीची वरची बाजू दक्षिणेला, तिथे आधी ऊब येते. मुखाशी बर्फ अजून तसंच घट्ट. मग पाण्यानं जायचं कुठे?

नात कणकेकडे बघत राहिली. म्हणाली, ‘बॅक?’

‘मागे,’ मी म्हटलं. ‘मागे सरतं, फुगतं आणि काठ सोडतं. कृष्णा दांडगी झाली की कोयनेचं पाणी असंच अडतं आणि ओढ्यांतून गावात घुसतं. आम्ही त्याला फुगवटा म्हणतो.’

‘फुगवटा,’ ती म्हणाली. तिच्या जिभेवर तो शब्द जरा आयरिश झाला, पण तिला आवडला असावा, कारण तिनं तो पुन्हा एकदा म्हणून बघितला. पुढे मी तिथली घरं कशी बांधतात त्याकडे वळले, तेवढ्यात तिनं जांभई दिली. घरांचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते आणि खाली लेकीशी तिचं बोलणं चाललं होतं. मला झरझर बोललेलं इंग्लिश कळत नाही, असा या घरात सगळ्यांचा समज आहे. मीही तो दूर केलेला नाही, सोयीचा असतो. शुक्रवारी कोण कोण यायचं, असा विषय होता. इथली पोरं आईला मॅम म्हणतात. नात म्हणाली, ‘नॉट आजी, मॅम. प्लीज. शी विल टॉक.’

मला लागलं. खोटं कशाला बोलू, अगदी आत लागलं. जन्मभर वर्गात उभी राहिलेली मी, आणि माझ्या नातीला मी तिच्या वर्गात नको होते. हातातल्या मोज्यांच्या जोड्या चुकत गेल्या, त्या मी तशाच ठेवून दिल्या.

पोरीचं अगदीच चूक होतं असंही नाही. मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे लिफी नदीत बोटीनं फिरायला गेलो होतो. तो बोटीवरचा माणूस माइकवरून खुशाल डावा किनारा उजवा म्हणून दाखवत होता. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात, हे माझ्याकडे पाचवीतलं पोरगं झोपेतसुद्धा सांगेल. मी उभी राहिले आणि त्याला ते सांगितलं. त्याला पटेना. मग मी बोटीतल्या सगळ्यांना उठवून प्रवाहाच्या दिशेला तोंड करायला लावलं. बिचारी माणसं केक हातात घेऊन वळली. नात मात्र टोपी डोळ्यांवर ओढून खाली बसली होती. त्याच्या आधी बसमध्ये आणि भाजीच्या दुकानातही थोडं थोडं झालंच होतं.

सकाळी मीच विषय काढला. तिच्या दुधाचा कप पुढे ठेवला आणि म्हटलं, मी शुक्रवारी येणार, पण बोलणार नाही. तिनं डोळे बारीक केले. इंग्लिशमध्ये तर नाहीच, पण मराठीतसुद्धा नाही? मराठीतसुद्धा नाही. सरांचं काही चुकलं तरी? मी कप उगाच सरकवला, मग म्हटलं, चुकलं तरी. तिनं करंगळी पुढे केली. मी सांगितलं, आपल्यात करंगळीनं नाही, गळ्याशप्पथ घेतात, आणि कंठाला चिमटा लावून शपथ घेतली. ती खूश झाली. आजीला वर्गात न्यायचं आणि आजीनं गप्प बसायचं, असं ठरलं. मला काय वाटत होतं ते मी बोलले नाही, सराव तेव्हापासूनच सुरू केला.

आता मॉडेल. ते जावईबापूंनी अंगावर घेतलं आणि तिथेच घोळ झाला. माणूस पुण्याचा, स्वभावानं गरीब, ऑफिसच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याला बोलू देणारा. पण यंदा पावसानं त्यांचा दिवाळीचा किल्ला झाला नव्हता. मागच्या अंगणात विटा, पोतं, चाळलेली माती, सगळं ताडपत्रीखाली तसंच पडून होतं, आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता. पलंगाखालच्या प्लास्टिकच्या खोक्याचं चांगलं मोठं झाकण घेतलं, त्यात एका टोकाला डोंगर करायचा होता. व्हर्खोयान्स्कचे डोंगर. मी आत जाऊन चहा टाकून बाहेर येते तो डोंगराला तटबंदी आलेली. मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, सपोर्ट आहे, आई. थोड्या वेळानं सपोर्टला बुरूज फुटले. मग पायऱ्या. मग पायऱ्यांच्या तोंडाशी महादरवाजा. शेवटी पुण्याहून आणलेल्या मातीच्या मावळ्यांचा खोका बाहेर आला, तेव्हा मी हात धरला. बरीच घासाघीस होऊन एक मावळा आणि एक तोफ यावर तडजोड झाली. हे सगळं चालू असताना त्यांनी किचनच्या कपाटातून, इथले लोक त्याला प्रेस म्हणतात, माझे लाडवांसाठी आणलेले अळीव काढून डोंगरभर पेरूनही टाकले होते. किल्ला म्हटला की अळीव आलेच. सैबेरियाच्या डोंगरावर दोन-तीन दिवसांत हिरवंगार लुसलुशीत रान उगवलं.

भांडण झालं ते नदीवरून. त्यांना छोटा पंप लावून निळं पाणी खळखळ वाहवायचं होतं. मी म्हटलं, असली खळखळ कुठल्याही ओढ्याला असते, यानाचं यानापण तिच्या पुरात आहे. मुखाशी बर्फ अडलंय आणि मागे पाणी फुगतंय, हे दाखवा.

‘आई, डेमोमध्ये सगळं स्मूथ चाललं पाहिजे,’ ते म्हणाले. ‘पुराचं आपण चार्टवर लिहू.’

‘पूर चार्टवर येत नसतो, जावईबापू.’

ते हसून गप्प बसले. जावयानं हसून गप्प बसणं म्हणजे काय, हे कुठल्याही सासूला विचारा. शेवटी निकाल नातीनं दिला. ना पंप, ना पूर. जमीन कायम गोठलेली असते ना, मग सगळं मॉडेलच गोठवायचं. कुणाचंच मॉडेल गोठलेलं नसेल. मला तो निकाल मान्य नव्हता, पण पोरीनं स्वतःच्या डोक्यानं काहीतरी ठरवलं होतं, म्हणून मी आमटी फोडणीला टाकायला गेले.

नदीच्या खोदलेल्या पात्रात काठोकाठ पाणी ओतलं, डोंगरावर बर्फाचा चुरा थापला, आणि फ्रीझर उघडला. फ्रीझरच्या कप्प्यांत लेकीचा संसार: खवलेला नारळ, मटार, मेथी, आणि गणपतीतले उकडीचे मोदक. ते सगळं खाऊन संपवलं असतं तरी झाकण आडवं बसणार नव्हतं. मग आम्ही शेजारणीकडे गेलो. एकटीच राहते, माझ्याच वयाची, आणि तिच्या शेडमध्ये पेटीसारखा मोठा फ्रीझर आहे. दारात तीन माणसं एक किल्ला धरून उभी आहेत, तोफेचं तोंड तिच्याकडे, तरी ती बाई काही विचारेना. ग्रँड म्हणाली आणि ख्रिसमसची टर्की एका बाजूला सरकवली. फक्त एवढंच विचारलं, की यात आधी जिवंत असलेलं काही नाही ना. नातीनं प्रामाणिकपणे अळिवांचं सांगितलं. शेजारीण म्हणाली, गॉड रेस्ट देम.

शुक्रवारी दुपारी किल्ला बाहेर काढला तेव्हा दगड झाला होता. अळीव मात्र काळेनिळे पडून मातीला चिकटले होते. जावईबापूंचा चेहरा बघवेना. मी त्यांना धीर दिला, की टुंड्रा असाच दिसतो. मॉडेल वितळू नये म्हणून त्यांनी गाडीचा हीटर बंद ठेवला आणि खिडक्या उघड्या. शाळेपर्यंत आमचे सगळ्यांचे दात वाजत होते. लेकीची ड्युटी होती, ती सुटली.

वर्गात टेबलं खिडकीखाली लावली होती आणि खिडकीखालीच खोली तापवणारा रेडिएटर. आमचं टेबल शेवटचं. सरांनी, तरुण होते, चेहऱ्यावरून भले वाटले, झाकण उचलून असं ठेवलं, की डोंगराचं टोक बरोबर रेडिएटरच्या वर आणि समुद्राचं टोक दाराच्या गार वाऱ्यात. मी हात लावून बघितलं. रेडिएटर तापला होता.

मला क्षणात सगळं कळलं. उगमाकडे ऊब, मुखाशी बर्फ. आता काय होणार हे त्या अख्ख्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि मी गळ्याशप्पथ घेऊन बसले होते. मी खाकरले. नातीनं डोळे वटारले. मी जावईबापूंना कोपरानं ढोसलं आणि रेडिएटरकडे बोट करून हातवारे केले. त्यांनी काय समजायचं ते समजून अंगातलं जॅकेट काढलं आणि माझ्या खांद्यावर घातलं. ‘थंडी वाजते ना, आई?’ म्हणाले, आणि नाईलवाल्या पोरीच्या बापाला बुरूज समजावून सांगायला निघून गेले. मी खुर्चीवर बसले आणि ओठ घट्ट दाबून धरले.

एकेक नदी होत गेली. ॲमेझॉनवाल्यानं फळाभर रेघोट्या मारून ठेवल्या आणि तशाच सोडून गेला. शॅननवाल्यानं डावा-उजवा काठ चुकवला. मी जॅकेटची बाही तोंडात धरली. नंतर आमची उभी राहिली. आवाज बारीक, पण चांगलं सांगत होती. कायमची गोठलेली जमीन म्हणजे काय, ती किती खोल असते, वरचा थर तेवढा कसा विरघळतो. सरांनी विचारलं, हा शिपाई कोण. ती जराही न अडखळता म्हणाली, की हवामान खात्याचा माणूस आहे. तोफेचं कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात डोंगरावरून पहिला ओघळ आला. मग दुसरा. तटबंदीतून पाणी झिरपलं, महादरवाजातून मातकट धार निघाली, पात्रातल्या वरच्या बर्फावरून वाहत खाली गेली आणि समुद्राच्या तोंडाशी अडली. तिथलं बर्फ हलेना. पाणी थांबलं, मागे सरलं, फुगलं, टुंड्रात शिरलं, मग झाकणाची कड ओलांडून टेबलावर आलं आणि शेजारच्या नाईलच्या कागदी पिरॅमिडांत घुसलं. मागून कुणीतरी हसलं. सर कागदी टॉवेल घेऊन धावले. म्हणाले, काही हरकत नाही, मॉडेलं गळतात कधीकधी.

नात लालबुंद झाली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

आयुष्यात इतकं अवघड काही केलं नसेल. उत्तर माझ्या दातांशी येऊन थडकत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण शब्द दिला होता, आणि तो या पोरीला दिला होता. मी हाताची मूठ तोंडावर दाबली आणि तिच्याकडे नुसती बघत राहिले. मला रडू येईल असं वाटलं.

तिनं परत मॉडेलकडे बघितलं. मुखाशी बघितलं, डोंगराकडे बघितलं, रेडिएटरला हात लावला आणि पटकन काढून घेतला. मग सरांचा टॉवेलवाला हात तिनं धरला.

‘डोन्ट,’ ती म्हणाली. ‘इट्स नॉट लीकिंग. इट्स अ फुगवटा.’

मग तिनं सांगितलं. नदी उत्तरेला जाते म्हणून वरचं आधी वितळतं, खालचं अजून घट्ट असतं, पाण्याला जमिनीत मुरता येत नाही आणि पुढे जाता येत नाही, म्हणून ते काठ सोडतं. बोलताना ती टेबलावर बोटानं टकटक करत होती. ती माझी सवय. वाक्य संपलं की समोरच्या मुलांकडे भुवया उंचावून बघत होती, कळलं का, अशी. तीही माझीच. हसलेला पोरगा पुढे येऊन बघायला लागला, त्याला तिनं बोटानं मागे उभं केलं. सर टॉवेल हातात धरून तसेच उभे होते, आणि पाणी निवांतपणे टेबलावरून खाली टपकत होतं. पूर चार्टवर लिहू म्हणणारे जावईबापू माझ्याकडे बघत नव्हते.

सरांना खरंच आवडलं असावं. त्यांनी विचारलं, की दरवर्षी असं होतं, शिवाय जमीन वरून विरघळते, तर तिथले लोक घरं कशी बांधतात? ती थांबली. घरांच्या वेळी तिला जांभई आली होती. वर्ग वाट बघत होता. ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर मराठीत, अख्ख्या मराठीत म्हणाली, ‘आजी, आता बोल. तूच सांग.’

मी उठले. जॅकेट खांद्यावरून पडलं. समोर पोरं, मागे भिंतीला टेकलेली मोठी माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. घरं खांबांवर बांधतात, खांब खाली कायम गोठलेल्या थरात रोवतात, घराची ऊब जमिनीला लागू देत नाहीत, सगळं डोक्यात ओळीनं उभं होतं. पण इतकी वर्षं बोलण्यापायी बोलणी खाल्लेली मी, आणि मला बोलता येईना. मी फळ्याकडे वळले, तर त्यावर ॲमेझॉनच्या रेघोट्या तशाच.

‘आधी फळा कोण पुसणार?’ मी म्हटलं. तोंडून आपसूक मराठीच आलं.

सर माझ्याकडे बघत राहिले, पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कुणालाच काही कळलं नाही. नात उठली, डस्टर घेतलं आणि चवड्यांवर उभी राहून चारी कोपऱ्यांपर्यंत फळा पुसायला लागली.